बिजिन्गा चित्रगुंडाळी कशी टांगावी, कशी गुंडाळावी

बिजिन्गा म्हणजे देखण्या, नटलेल्या स्त्रियांची जपानी चित्रं. हिशिकावा मोरोनोबूची मागे वळून पाहणारी लाल किमोनोतली स्त्री सतराव्या शतकाच्या अखेरची, काबुराकी कियोकाताचं ‘त्सुकिजी आकाशिचो’ १९२७चं. दोन्ही रेशमावर रंगवलेली, टांगायच्या गुंडाळीची. अशा चित्रात सर्वांत जपायचा तो चेहरा. तिथला पांढरा रंग, गोफुन, शिंपल्यांची पूड सरसात कालवून केलेला असतो. जुना थर कडक होतो. रेशीम वळतं, थर वळत नाही. मग आडव्या भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात.

दिवस कोरडा निवडा. अंगठ्या, घड्याळ काढा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. गुंडाळी स्वच्छ जमिनीवर ठेवून दोरी सोडा, वीतभर उलगडा आणि वरच्या दोन लोंबत्या पट्ट्या सरळ करा. याहाझु या दुबेळक्याच्या काठीत टांगायची दोरी अडकवा. एका हाताने काठी उचला, दुसऱ्या हातावर उरलेली गुंडाळी तोलून धरा. दोरी खिळ्यावर बसली की खालच्या दांड्याची दोन्ही टोकं धरून सावकाश खाली सोडा. मध्येच हात सोडला तर दांड्याच्या हिसक्याने रेशीम फाटतं.

आता बाजूने मंद उजेड पाडून कपाळाची केसरेषा बघा. तिथे चित्रकार एकेक केस पांढऱ्यावर ओढतो, त्यामुळे सुटलेला पापुद्रा आधी तिथेच दिसतो. दिसला तर पुन्हा गुंडाळू नका, जाणकार दुरुस्तीकाराला बोलवा. बोटाने दाबणं तर नकोच. ऊन चित्रावर येऊ देऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी उतरवा.

उतरवताना भिंतीवर असतानाच खालून निम्म्याहून जास्त गुंडाळा, मग काठीने काढून जमिनीवर पूर्ण करा. पट्ट्या जुन्या घडीवरच दुमडा. कडा जुळल्या नाहीत तर थोडं उलगडून पुन्हा गुंडाळा. गुंडाळी पिळून घट्ट करण्याची सवय घातक, कारण आत रंगावर रेशीम घासतं. गोफुन जाड असेल तर फुतोमाकी घ्या. हा उभा चिरलेला पोकळ लाकडी नळा दांड्याभोवती बसवला की वळण रुंद होतं आणि चेहऱ्यावरचा ताण कमी होतो. जुन्या चित्राला हा खर्च करावाच.

गुंडाळी बांधताना दोरीखाली कागदाची पट्टी घाला, नाहीतर वळ उमटतो. किरी लाकडाची पेटी उत्तम. आपल्याकडे पावसाळ्यात ती उघडूच नका. हवा द्यायची ती कोरड्या दिवसांत. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवू नयेत: दोन्ही मिळून पाघळतात आणि रेशमावर डाग पडतात.