सरकारी जंगलातून ख्रिसमस ट्री आणताना

अमेरिकेत असाल तर ख्रिसमस ट्री 'नॅशनल फॉरेस्ट'मधून स्वतः तोडून आणता येते, मात्र परवाना घेऊनच. 'नॅशनल पार्क' हे वेगळे प्रकरण. तिथे कुऱ्हाड बाहेरही काढू नका. परवाना बहुतेक ठिकाणी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतो आणि साधारण ५ ते २० डॉलरला पडतो. घरात चौथीतले मूल असेल तर 'एव्हरी किड आउटडोअर्स' या सरकारी पासवर तो फुकट मिळतो, फक्त सेवाशुल्क भरावे लागते. लोकप्रिय जंगलांचे परवाने लवकर संपतात, म्हणून डिसेंबरची वाट पाहू नका.

प्रत्येक जंगलाचे नियम आणि नकाशा वेगळा, तो आधी वाचून फोनमध्ये उतरवून ठेवा. आत रेंज नसते. झाड दाटीतले निवडा, म्हणजे शेजारच्या झाडांना वाढायला जागा मिळते. मोठ्या झाडाचा नुसता शेंडा छाटणे साफ मना आहे. बुंधा जमिनीलगत कापायचा, बऱ्याच ठिकाणी मर्यादा ६ इंचांची असते.

मोजपट्टी मात्र विसरू नका. उघड्यावर बुटके दिसणारे झाड दिवाणखान्यात छताला टेकते! हातकरवत, हातमोजे, दोर आणि जुनी ताडपत्री एवढे सामान पुरे. बर्फ असेल तर टायरच्या साखळ्याही घ्या. परवान्याचा टॅग झाड हलवण्याआधीच बांधा. घरी आल्यावर बुंध्याची इंचभर चकती कापून झाड लगेच पाण्यात उभे करा आणि रोज पाणी बघा; पहिल्या दिवसांत ते भरपूर पिते.