व्हॉल्टवॉर्डन सर्व्हर सुरूच होत नसेल तर काय करावे

घरच्या रास्पबेरी पायवर किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर अनेकजण व्हॉल्टवॉर्डन चालवतात. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या ॲपशी जुळणारा, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा हलका सर्व्हर २०२१ पर्यंत बिटवॉर्डन-आरएस नावाने ओळखला जाई. एखाद्या अपडेटनंतर तो उठत नाही आणि घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्यातच असल्याने जीव टांगणीला लागतो. त्या घाईत डॉकरचा कंटेनर (ज्या वेगळ्या डब्यात सर्व्हर चालतो तो) आणि डेटा फोल्डर पुसून नव्याने बसवू नका. मूळ बिघाड बहुधा किरकोळ असतो, खरे नुकसान या पुसापुशीत होते.

सर्वात आधी घरच्यांना सांगा की फोनवरच्या ॲपमधून लॉगआउट करू नका. ॲपमध्ये तिजोरीची कूटबद्ध प्रत असते. सर्व्हर बंद असला तरी ॲप अनलॉक करून जुने पासवर्ड पाहता येतात, पण लॉगआउट केले की ती प्रत जाते.

मग कंटेनर थांबवा. आपोआप रीस्टार्ट लावलेला असेल तर तो पडत-उठत राहतो आणि लॉगमध्ये तोच मजकूर पुन्हा पुन्हा भरतो. थांबवल्यावर संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या मुख्य फाइलशेजारी ‘वॉल’ नावाची फाइल दिसली तर तीही घ्या, कारण ताज्या नोंदी तिच्यात असू शकतात. फोल्डरमधली आरएसए की (लॉगिन टिकवण्यासाठी सर्व्हर वापरतो ती चावी) हरवली तर पासवर्ड जात नाहीत, फक्त सर्वांना पुन्हा लॉगिन करावे लागते.

आता कंटेनर एकदाच सुरू करा आणि डॉकर लॉग्स ही आज्ञा देऊन पहिली एरर वाचा. तिच्याखालच्या ओळी बहुतेकदा तिचेच परिणाम असतात.

पोर्ट आधीच वापरात आहे असे दिसले तर ते दुसऱ्या प्रोग्रामने घेतले आहे. कंपोज फाइलमधल्या (कंटेनरच्या सेटिंग्ज जिथे लिहितात ती फाइल) पोर्टच्या जोडीतला डावा आकडा बदला, उदाहरणार्थ ८०८०. उजवीकडचा ८० तसाच राहू द्या.

डेटाबेस फाइल उघडता येत नाही, अशी तक्रार असेल तर फोल्डरची मालकी तपासा. कंटेनर साध्या युजरने चालतो आणि फोल्डर मात्र रूटच्या नावावर, असे पुष्कळदा घडते. चाऊन आज्ञेने मालकी बदला. डिस्क भरली आहे का तेही बघा. डेटा नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर एसक्यूलाइटचा वॉल मोड (नोंदी आधी ‘वॉल’ फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तिथे नीट चालत नाही. तो बंद करा, किंवा डेटा स्थानिक डिस्कवर आणा. माझे मत दुसऱ्या उपायाला.

सेटिंग्जचा गोंधळ सर्वात चकवणारा. डोमेनच्या सेटिंगमध्ये नुसते नाव चालत नाही, नावाच्या आधी ‘https://’ (किंवा ‘http://’) लागते. नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. तुम्ही कंपोज फाइल दुरुस्त करता, डॉकर रीस्टार्ट देता, तरी तीच एरर! कारण रीस्टार्टने कंटेनर जुन्याच सेटिंग्जवर उठतो. डॉकर कंपोज अप दिले तरच तो नव्याने घडतो. तरीही फरक पडला नाही तर डेटा फोल्डरमधली कॉन्फिग.जेसन उघडा. ॲडमिन पानावरून कधी काही सेव्ह केले असेल तर ते इथे लिहिले जाते आणि कंपोज फाइलवर मात करते. चुकीचे मूल्य इथेच दुरुस्त करावे लागते. ॲडमिन टोकनचा, म्हणजे ॲडमिन पानाच्या पासवर्डचा, आर्गॉन हॅश (कूटरूप) कंपोज फाइलमध्येच लिहिला असेल तर त्यातले प्रत्येक डॉलर चिन्ह दोनदा लिहा. नाहीतर सर्व्हर चालतो, पण ॲडमिन पान उघडत नाही.

अपडेटनंतर सर्व्हर डेटाबेस मायग्रेशनवर, म्हणजे डेटाची रचना नव्या आवृत्तीसाठी बदलताना, अडला तर बदललेल्या डेटावर जुनी आवृत्ती चढवू नका. जुनी आवृत्ती आणि अपडेटआधीचा बॅकअप, दोन्ही एकत्रच परत आणा. पुढे कंपोज फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ऐवजी आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहिलेला बरा.

सर्व्हर उठला पण ब्राउझरमध्ये लॉगिन होत नसेल तर एचटीटीपीएस तपासा. त्याशिवाय ब्राउझर कूटबद्धतेची साधने देत नाही. अपवाद फक्त लोकलहोस्टचा.

शेवटी फोनवर एक नवी नोंद करा आणि ती संगणकावर सिंक होते का बघा. झाली की आणीबाणीत काढलेली प्रत सुरक्षित जागी हलवा किंवा पुसून टाका. तिच्यात आरएसए की आणि ॲडमिन टोकनही असू शकते.