जुने टीव्ही गेम जमवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुने गेम अजून निघतात. कॅम्पातल्या एखाद्या घराची बदली होते आणि पीएस-टू (सोनीचा प्लेस्टेशन-२) विकायला येतो. आखातात राहून आलेल्या काकांचा सेगा कंपनीचा गेम माळ्यावरून खाली उतरतो. भंगारवाल्याच्या पोत्यात पाच-सात कॅसेटी सापडतात. यातली फार थोडी मशिनं म्हातारपणाने मेलेली असतात. बाकीची घरी आणल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मारली जातात, कारण आणणाऱ्याला आधी ‘चालू होतंय का’ ते बघायचं असतं. पिन लावायची ती सगळ्यात शेवटी. आधी बघायचं, वाचायचं, पुसायचं.

बसतोय म्हणून अडॅप्टर लावणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती टाळायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जुन्या मशिनबरोबर मूळ अडॅप्टर क्वचितच मिळतो. मग घरातल्या वायफाय राउटरचा किंवा डिशच्या सेट-टॉप बॉक्सचा काढून लावला जातो, कारण गोल पिन तंतोतंत बसते. पण राउटरच्या अडॅप्टरला आतली बाजू प्लस असते. निन्टेन्डोचा मूळ जपानी फॅमिकॉम आणि पहिल्या मॉडेलचा सेगा मेगा ड्राइव्ह यांना आतली बाजू मायनस लागते. पिन बसली, पण करंट उलटा गेला.

आखातातून आलेल्या एका मेगा ड्राइव्हचं असंच झालं. मूळ अडॅप्टर हरवलेला, म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा लावला. लाल दिवा लागला नाही. पिन सैल असेल म्हणून ती हलवून पाहिली, बटण चार वेळा खाली-वर केलं, मग सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावून पुन्हा तेच. वास आल्यावर सगळे थांबले. उघडल्यावर पॉवरजवळचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला आणि आतल्या दोन ७८०५ रेग्युलेटरपैकी (व्होल्ट कमी करून देणाऱ्या चिपांपैकी) एक कायमचा गेलेला. दोन्ही रेग्युलेटर आणि कपॅसिटर बदलल्यावर चित्र आलं, आवाज मात्र परत आला नाही. मशिन विकत घेताना पूर्ण चांगलं होतं. पहिल्यांदा दिवा लागला नाही तेव्हाच हात मागे घेतला असता तर कदाचित आवाजही वाचला असता.

म्हणून नवीन मशिन आलं की ते उलटं करून खालचं लेबल वाचा. किती व्होल्ट, एसी की डीसी, आणि गोलाच्या चिन्हात मधल्या ठिपक्याला प्लस जोडलाय की मायनस. मग अडॅप्टरवरचं तेच चिन्ह बघा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर लावा. आकड्यापुढे वजा आला तर आतली बाजू मायनस. जुना जड एलिमिनेटर, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर, ९ व्होल्टचा असूनही मीटरवर १२-१३ दाखवतो. लोड नसताना तसं दिसतंच, घाबरायचं कारण नाही. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण मशिन लागेल तेवढेच ओढतं. व्होल्ट जास्त नकोत. आणि हे तिन्ही नियम गोंधळून ‘२ अँपिअरचा लावला म्हणून जळलं’ असं सांगणारे लोक सगळीकडे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

जपानी मशिनांची गोष्ट वेगळी. जपानमध्ये करंट १०० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. जपानी फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर थेट आपल्या सॉकेटात घातला तर तो जळतो, आणि जळण्याआधी मशिनला दुप्पट व्होल्ट देऊन जातो. तो बाजूला ठेवून इथला ९ व्होल्ट डीसीचा, आत मायनस असलेला घ्यायचा. जाड पीएस-टू जास्त फसवतो, कारण त्याला टेपरेकॉर्डरची आठच्या आकाराची वायर लागते आणि ती प्रत्येक घरात असते. मागच्या लेबलवर फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर ती वायर लावायची नाही, व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. मॉडेल नंबरचा शेवटचा आकडाही सांगतो: ० म्हणजे जपान, १ म्हणजे अमेरिका, ४ म्हणजे युरोप.

कॅसेटीत फुंकर मारणे

ही सवय इतकी जुनी आहे की ती चूक आहे हेच लोकांना पटत नाही. फुंकर मारली, घातली, चालली. चालली ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्यामुळे. पिना एकमेकींवर घासल्या आणि नवीन जागी टेकल्या. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ आणि थुंकीचे कण मात्र तांब्यावर बसले, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिथे हिरवा थर धरायला वेळ लागत नाही. निन्टेन्डोनेही आपल्या सूचनांत फुंकर मारू नका असं स्पष्ट सांगितलंय.

यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कानात घालायच्या कापूसकाडीचं एक टोक त्यात भिजवा, पिळून घ्या आणि पिनांवर वरून खाली फिरवा, आडवं नको. काडी काळी झाली की नवीन घ्या. पहिल्यांदा साफ होणाऱ्या कॅसेटीला सहा-सात काड्या लागतात. दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच घाला. ब्रासो, पॉलिश पेपर, खडबडीत खोडरबर यांनी पिना चमकतात खऱ्या, पण वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या वर्षी तीच कॅसेट दुप्पट त्रास देते.

साफ करूनही चालेना, तर बोर्ड उघडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक ‘९९९९ इन १’ कॅसेटींत नेहमीची चिप नसते, काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो. तो गेला की दुरुस्ती नाही. त्यावर शंभर रुपयेही घालवू नका.

पावसाळ्यात पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे

जूनमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस धरला की खानापूर तालुक्यातल्या कौलारू घरांत भिंतीसुद्धा घाम गाळतात. अशा हवेत लोक मशिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात, ट्रंकेत ठेवतात आणि वर दोन डांबरगोळ्या टाकतात. ओल आत जाऊ नये हा हेतू चांगलाच, पण जुलैत बांधलेल्या पिशवीत जुलैची हवाच कोंडली जाते. ती बाहेर पडायला वाट राहत नाही.

अशी एक ट्रंक दिवाळीनंतर उघडली. पीएस-टूच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. गेमच्या पुस्तिका एकमेकींना चिकटलेल्या, रबर बँड वितळून खोक्याला लागलेले. डांबरगोळ्यांजवळच्या सीडीच्या पारदर्शक डब्या मऊ पडून पांढुरक्या झालेल्या, कारण नॅप्थलीनची वाफ तशा प्लॅस्टिकला खाते. आणि खेळायच्या रिमोटभोवती गुंडाळलेल्या काळ्या वायरीने रिमोटवर आपला ठसा खोल उमटवलेला. मऊ वायरीतलं तेलकट द्रव्य दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं, म्हणून वायर कधी मशिनला किंवा रिमोटला गुंडाळायची नाही. वेगळी गुंडाळी करून कागदात ठेवायची.

बांधाबांध मे महिन्यात करा, कोरड्या दुपारी. रबरी कडेचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्या. वीस लिटरच्या डब्यात मी शंभर ग्रॅम निळी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवतो आणि सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं; ६५ च्या वर गेला की बुरशी फार लांब नसते. दाणे गुलाबी झाले की वेगळ्या भांड्यात मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे. जेवणाच्या तव्यावर नको, तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो. पावसात डबा वरचेवर उघडायचा नाही. खेळायचं मशिन बाहेरच ठेवा आणि रोज अर्धा तास चालवा, त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते.

ओल खाल्लेलं मशिन लगेच सुरू करू नका. झाकण काढून पंख्याखाली एक पूर्ण दिवस ठेवा.

‘लेन्स वीक हाय’ म्हणून पॉट फिरवणे

विकणारा हमखास म्हणतो, “चालू हाय की ओ, फक्त लेन्स जरा वीक हाय.” मग घेणारा कुठलातरी व्हिडिओ बघून लेन्सजवळचा बारीक स्क्रू, म्हणजेच पॉट, फिरवतो आणि सीडी वाचली गेली की खूश होतो. त्या स्क्रूने लेसरला जादा करंट मिळतो. काही आठवड्यांत डायोड जळतो आणि मग खरोखरच लेन्स बदलावी लागते. झटपट इलाजांपैकी मला सगळ्यात जास्त चीड याची येते, कारण त्याने चांगल्या लेन्सही मेल्यात.

आधी नेमकं काय वाचलं जात नाही ते शोधा. पीएस-टूच्या काही गेम निळ्या पाठीच्या सीडीवर येतात, बऱ्याचशा चंदेरी डीव्हीडीवर, आणि ‘गॉड ऑफ वॉर २’ सारख्या दोन थरांच्या डीव्हीडीवर. सीडी आणि डीव्हीडीला लेसर वेगवेगळे आहेत. फक्त दोन थरांचीच अडकत असेल तर लेन्स मळलेली किंवा थकू लागलेली आहे, मेलेली नाही. कोरड्या कापूसकाडीने लेन्स हलकेच पुसा, मग अल्कोहोलचा एक थेंब. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर प्लॅस्टिकची लेन्स कायमची धुरकटते. ज्या दांड्यांवर लेन्स सरकते त्यांवरचं वाळलेलं ग्रीस पुसून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस लावा. खोबरेल नको, शिलाई मशिनचं तेलही नको. निम्म्या ‘वीक’ लेन्स इथेच बऱ्या होतात. पॉटला हात लावायचाच असेल तर आधी मीटरने त्याचा ओहम मोजून कागदावर लिहून ठेवा.

सीडी मधून बाहेर सरळ रेषेत पुसायची, गोल फिरवत नाही. टूथपेस्ट नाही. सीडी लेबलच्या बाजूने खरवडली असेल तर सोडून द्या, माहितीचा थर तिथेच असतो. पीएस-थ्रीच्या ब्लू-रेवर माहिती फक्त ०.१ मिलिमीटर खाली असते, त्यामुळे तिला पॉलिश करून घेणं म्हणजे ती संपवणं.

बाकीच्या

पीएस-टूला कंपनीचं ८ एमबीचंच मेमरी कार्ड घ्या. ६४ आणि १२८ एमबीची स्वस्त कार्डं एक दिवस सगळे सेव्ह घेऊन जातात. वादळी संध्याकाळी लाइट लपकत असेल तर सेव्ह करायचंच नाही.

जुन्या पाल (आपल्याकडच्या रंगपद्धतीच्या) टीव्हीवर जपानी मशिनचं चित्र काळं-पांढरं दिसलं तर मशिन बिघडलेलं नाही. रंगाची पद्धत जुळत नाही, एवढंच. उघडायला घेऊ नका.

निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय ॲडव्हान्सची कॅसेट घेताना पिनांच्या वरच्या कडेवर बोर्डावर निन्टेन्डो छापलंय का आणि लेबलवर दोन अंकांचा दाबलेला ठसा आहे का ते बघा. नसेल तर नकली, आणि नकलीत अनेकदा सेव्ह टिकत नाही. पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर या कॅसेटींमधला सीआर २०२५ सेल संपला की सेव्हही जातो. रुबी, सफायरमध्ये सीआर १६१६ संपला तर फक्त घड्याळ थांबतं, सेव्ह राहतो. सेल घ्यायचा तो पट्ट्या जोडलेला. सुट्या सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, तो फुटू शकतो. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये मात्र चार्ज होणारा एमएल २०३२ असतो, तिथे साधा सीआर २०३२ बसवणं धोक्याचं.

बंदुकीच्या गेम, ‘डक हंट’ वगैरे, एलईडी टीव्हीवर चालत नाहीत आणि कुठल्याही सेटिंगने चालणार नाहीत. ती बंदूक डबा टीव्हीच्या पडद्यावर उमटणारा प्रकाश ओळखते. त्यामुळे कुणी डबा टीव्ही भंगारात द्यायला निघालं असेल तर मागून घ्या; चौदा किंवा एकवीस इंची, पाठीमागे पिवळी-पांढरी एव्ही पिन असलेला. पण चित्र वाकडं आलं म्हणून त्याचं मागचं झाकण काढू नका. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर करंट साठतो आणि प्लग काढल्यावरही तो आत राहतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचंच.