जंक मेल सर्व्हरवरच अडवा, पीसीपर्यंत येऊच देऊ नका

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीवर आउटलुक उघडलं की आधी रिडेव्हलपमेंटवाल्यांचे मेल उतरायचे, एकेकाला चार चार एमबीचं ब्रोशर चिकटवलेलं, मग लोनवाले, मग लिफ्टच्या एएमसीवाले, आणि सेक्रेटरीकाका म्हणायचे अरे मी जंकचे रूल टाकलेत की. टाकलेत खरे, पण आउटलुक नाहीतर थंडरबर्डमधले रूल बहुतेक वेळा मेल उतरल्यावर चालतात, म्हणजे वॉचमनने गेटवर अडवायचा माणूस चौथ्या मजल्यावर येऊन बेल वाजवतो आणि मग आपण दार लावतो. फिल्टर जीमेलमधेच, म्हणजे सर्व्हरवरच लावायचा, वेबवर जाऊन.

ब्राउझरमधे जीमेल उघडा, वरच्या सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला छोटं आयकॉन आहे ते दाबा, फ्रॉममधे त्या कंपनीचं @ पासून पुढचं नाव टाका (पूर्ण अ‍ॅड्रेस नको, ते लोक @ च्या आधीचं नाव बदलत राहतात), दोनतीन कंपन्या असतील तर मधे कॅपिटलमधे ओआर लिहा, मग क्रिएट फिल्टर. लगेच डिलीट वर टिक करू नका हां. आधी थोडे दिवस स्किप इनबॉक्स आणि एक लेबल लावून ठेवा, त्यात कामाचं काही अडकत नाहीये ना बघा, मगच डिलीट. आणि 'रिडेव्हलपमेंट' या शब्दावर तर फिल्टर अजिबात नको, उद्या आर्किटेक्टचा किंवा वकिलाचा मेल त्यात जाईल आणि कमिटीत बोंब होईल.

ब्लॉक बटण दाबलं तर तो मेल स्पॅममधे जातो आणि ३० दिवसांनी आपोआप उडतो. पॉपवर (POP, म्हणजे मेल पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) मेल घेत असाल तर स्पॅममधलं काही पीसीवर उतरतच नाही, हेच तर हवंय, पण म्हणूनच आठवड्यातून एकदा वेबवर जाऊन स्पॅम चाळायचं, लाइटचं बिल कधीमधी तिथे जाऊन बसलेलं असतं.

अनसबस्क्राइबचं काय? ओळखीच्या दुकानाचा, बँकेचा मेल असेल तर बिनधास्त दाबा, २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल टाकणाऱ्यांना एका क्लिकमधे अनसबस्क्राइब देणं सक्तीचं केलंय. अनोळखी मेलमधली लिंक मात्र दाबायची नाही, तुमचा अ‍ॅड्रेस चालू आहे हे त्यांना फुकटात कळतं. एक्सटर्नल इमेज दाखवण्याआधी विचारा हे सेटिंगही त्याचसाठी चालू ठेवा.

स्वतःचं डोमेन (@ नंतर स्वतःचंच नाव) असेल तर सीपॅनलमधे, म्हणजे होस्टिंगवाल्याच्या सेटिंगच्या पानावर, डिफॉल्ट अ‍ॅड्रेस बघा, तिथे कॅच-ऑल चालू असेल तर कोणत्याही नावाने टाकलेला मेल तुमच्याकडे येतो, ते बंदच करा. तिथल्याच स्पॅम-असॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रामचा स्कोअर मुळात ५ असतो, आकडा कमी केला की चाळण बारीक. एकदम २ वर नेऊ नका.

आणि मॉलमधे लकी ड्रॉचा फॉर्म भरताना आपल्या नावानंतर प्लस टाकून 'मॉल' लिहा, मग @ आणि जीमेल, मेल तुम्हालाच येतो पण कोणी अ‍ॅड्रेस विकला ते कळतं आणि त्या अ‍ॅड्रेसवर फिल्टर लावता येतो. काही वेबसाइट प्लस घेत नाहीत, तिथे सरळ रकाना रिकामा सोडा, तसंही ती गाडी लागलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.