कंपनी गुंडाळण्याआधी टेबलावर काय काय हवं

फॉर्म नंतर भरा, आधी ताळेबंद काढा. धंदा थांबलेला आहे, पण कुणाचं देणं थकलेलं नाही, अशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद करायला लोक आमच्या ऑफिसात येतात आणि पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘खर्च किती?’ आम्ही उलट विचारतो, सगळी देणी आज फेडली तर मागे काय उरतं? चार खुर्च्या आणि बँकेत अकरा हजार उरत असतील तर रस्ता एक. एमआयडीसीतला गाळा, म्युच्युअल फंड आणि वर्षानुवर्षं साठलेला नफा उरत असेल तर रस्ता दुसरा.

म्हणून शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळीसमोर लिहा, ही ओळ शून्य कशी होणार आणि कधी. सगळ्यात जास्त घोटाळा ‘संचालकांकडून घेतलेलं कर्ज’ या ओळीत होतो. ‘ते तर मीच घातलेले पैसे, ते कसलं देणं?’ असं म्हणतात. कायद्याच्या लेखी ते देणंच. परत घ्या, शेअर्समध्ये बदला किंवा सोडून द्या; मात्र सोडून दिलं तर ते कंपनीचं उत्पन्न धरलं जाईल का, हे सीएला आधी विचारा, नंतर नाही. मालमत्तेच्या बाजूला वीज मीटरची अनामत, जागेचं डिपॉझिट आणि इन्कम टॅक्सचा रिफंड शोधा. या रिफंडचा आम्हीच एकदा धडा घेतला. उत्साहाच्या भरात बँक खातं आधी बंद करून टाकलं, आणि अडतीस हजारांचा रिफंड मंजूर होऊन जमा व्हायला खातंच उरलं नाही. तेव्हापासून बँक खातं शेवटी.

मागे फारसं काही उरत नसेल तर स्ट्राइक ऑफ, म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली रजिस्टरमधून नाव काढून घेणं. इथे आधी तारखा तपासा. लगेच मागच्या दोन आर्थिक वर्षांत धंदा झालेला नसावा, किंवा स्थापनेपासून वर्षभरात तो सुरूच झालेला नसावा. मागच्या मार्चमध्ये एखाद्या जुन्या गिऱ्हाइकासाठी ‘एवढं एक बिल’ फाडलं असेल तर थांबावं लागेल. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत कंपनीचं नाव बदललेलं, नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात नेलेलं किंवा विक्रीसाठी ठेवलेला माल विकलेला चालत नाही. गोडाऊनमधला उरलेला स्टॉक काढायचा तर आत्ताच काढा.

मग राहिलेली रिटर्न्स. धंदा ज्या आर्थिक वर्षात थांबला तिथपर्यंतचे एओसी-४ (वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे फॉर्म भरल्याशिवाय अर्ज घेतलाच जात नाही. उशिराची फी दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे दोन्ही फॉर्म वर्षभर रखडले तर ७३,००० रुपये, एकाच वर्षाच्या रिटर्नसाठी. अर्जाची फी १०,००० आहे, तिची चिंता सोडा; खरा खर्च या दंडात असतो. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर चार्जही, म्हणजे कर्जापोटी मालमत्तेवर नोंदलेला बोजाही बघा. गाडीचं कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, बँकेचं पत्रही फाइलला असतं, पण बोजा उतरल्याचा फॉर्म, सीएचजी-४, भरायचं कुणाला सुचलेलं नसतं. चार्ज उघडा दिसतो तोवर स्ट्राइक ऑफ नाही.

उलट मागे बरंच उरत असेल, विशेषतः जागा किंवा जमीन, तर स्वेच्छा समापन, म्हणजे दिवाळखोरी संहितेचं कलम ५९. नावात दिवाळखोरी आहे म्हणून दचकू नका; हे कलम न बुडालेल्या कंपनीसाठीच आहे. बहुसंख्य संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं की कर्ज नाही, किंवा मालमत्ता विकून ते पूर्ण फिटेल, आणि हे कुणाला फसवण्यासाठी चाललेलं नाही. सोबत दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, मालमत्तेचं मूल्यांकन झालं असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत विशेष ठराव. देणी असतील तर रकमेच्या दोन तृतीयांश धनकोंची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, संमतीही लागते. पुढे कंपनी लिक्विडेटरच्या, म्हणजे समापन पार पाडणाऱ्याच्या ताब्यात जाते. तो एका इंग्रजी आणि एका मराठी पेपरात जाहिरात देतो, दावे मागवतो, वाटप करतो आणि शेवटी एनसीएलटीकडून, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून, विसर्जनाचा आदेश आणतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई खंडपीठ.

हा रस्ता महाग आणि लांब. पण गाळ्याचे पैसे भागधारकांच्या हातात कायदेशीरपणे पडण्याचा, माझ्या मते, हाच सरळ मार्ग. करही आधी मोजा: मिळालेल्या रकमेतला साठलेल्या नफ्याइतका भाग लाभांश धरतात, उरलेल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब लागतो. शिवाय स्ट्राइक ऑफमध्ये नाव गेलं तरी संचालकांची जबाबदारी जात नाही, आणि राहिलेला एखादा धनको राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांपर्यंत एनसीएलटीकडे जाऊन कंपनी पुन्हा जिवंत करून घेऊ शकतो. जुने वाद असतील तर हे लक्षात ठेवून निवडा.

कंपनी बंद न करता ‘डॉर्मंट’, म्हणजे निष्क्रिय, करून ठेवायची पळवाट बरेच जण विचारतात. ट्रेडमार्क सांभाळायचा असेल तर ठीक, नाहीतर दरवर्षी निष्क्रिय कंपनीचं रिटर्न, एमएससी-३, भरत बसाल.

दोन्ही रस्त्यांना सामाईक कामं कंटाळवाणी आहेत: जीएसटी रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न जीएसटीआर-१० भरणं, आणि प्रोफेशन टॅक्सचे दोन्ही नंबर (कंपनीचा आणि कर्मचाऱ्यांचा), पीएफ, ईएसआयसी, गुमास्ता बंद करणं.

स्ट्राइक ऑफ ठरलंच तर शेवटच्या महिन्याचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा. सीएने प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक, एसटीके-८, अर्जाच्या दिवशी तीस दिवसांहून जुनं चालत नाही. प्रत्येक संचालकाचं हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र नोटरी करून लागतं, आणि एखादे संचालक अनिवासी भारतीय असतील तर तिथलं नोटरी किंवा अपॉस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी दाखला). अर्ज पुण्या-मुंबईच्या आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे रेंगाळत नाही, मे २०२३ पासून तो मानेसरच्या सी-पेसकडे, म्हणजे कंपन्या बंद करण्याच्या केंद्रीय कार्यालयाकडे जातो, आणि तिथून त्रुटी निघाली की पुन्हा सह्यांची धावपळ. तेव्हा आधी सगळ्यांचं डीआयएन (संचालक क्रमांक) केवायसी आणि डिजिटल सही चालू आहे ना बघा, मग न्यू जर्सीतल्या संचालक भावाचे कागद कुरियरने हातात येऊ द्या, रिफंड जमा झाला की बँक खातं बंद करा, आणि त्यानंतरच सीएला शिक्का मारायला सांगा.