इंका ट्रेल चालायला जाताना: पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त बाईचा सल्ला

पेरूतल्या माचू पिचूला, इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या नगराला, रेल्वेने आणि पुढे बसने आरामात जाता येतं. चार दिवस चालत जायचं ते वाटेसाठी. मी नोकरीभर कालवे, मोऱ्या आणि धरणांच्या भिंती पाहत आले. डोंगरउतारावर पाऊस बांधकामाचं काय करतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून इंका ट्रेलला जाण्याचं माझं कारण ती दगडी वाटच होती. पंधराव्या शतकातली ही फरसबंदी आजही पायाखाली आहे आणि शेकडो माणसं रोज तिच्यावरून चालतात. इंकांच्या रस्त्यांचं जाळं पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया, चिली आणि अर्जेंटिना एवढ्या देशांत पसरलं होतं. 2014 मध्ये युनेस्कोने त्या जाळ्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तुम्ही चालणार तो त्यातला जेमतेम 43 किलोमीटरचा तुकडा. तो पाहायला अंगात दम आणि डोळ्यांना उसंत उरली पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच सांगते आहे.

पहिलं काम परवान्याचं. या वाटेवर एकट्याने जाता येत नाही. परवानाधारक एजन्सी आणि गाइड सक्तीचे आहेत. दिवसाला एकूण 500 माणसांनाच सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरलेले असतात, त्यामुळे ट्रेकरच्या वाट्याला साधारण 200 जागा येतात. मे ते जुलै हा कोरडा, उघड्या आभाळाचा काळ, त्या तारखा पाच-सहा महिने आधीच संपतात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. परवाना पासपोर्टच्या नंबरवर निघतो, दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि पहिल्याच नाक्यावर मूळ पासपोर्ट तपासतात. मधल्या काळात पासपोर्ट नवा केलात तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुनाही सोबत ठेवा.

एजन्सी निवडताना लोक तंबू कसला, जेवणात काय, ट्रेनचा डबा कुठला हे विचारतात. मी पोर्टरबद्दल विचारा म्हणते. वरच्या टप्प्यांवर खेचरं नेत नाहीत. तंबू, भांडी, गॅसच्या टाक्या, तुमच्या झोपायच्या पिशव्या, सगळं माणसांच्या पाठीवर जातं. हे बहुतेक कुस्कोच्या आसपासच्या गावांतले केचुआ ही तिथली मूळची भाषा बोलणारे शेतकरी. त्यांच्यासाठी पेरूमध्ये कायदा आहे, ओझ्याला 20 किलोची मर्यादा आहे आणि नाक्यावर ओझं वजन करून पाहतात. तरी एजन्सीला सरळ विचारा: पोर्टरना दिवसाची मजुरी किती देता? त्यांना जमिनीवर अंथरायला मॅट आणि कोरडा तंबू आहे का? बूट, रेनकोट तुम्ही देता का? विमा आहे का? नीट धंदा करणारा माणूस याची उत्तरं तुमच्याकडे लगेच पाठवतो. जो विषय बदलतो किंवा इतरांपेक्षा फारच कमी भाव सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो पैसा कुठून तरी वाचवलेला असतो, आणि या वाटेवर तो बहुतेक पोर्टरच्या पोटातूनच वाचतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांतलं एक काम फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे पीतज्वराची लस. पेरूहून परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून जावं लागतं. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. व्हिसाचे नियम पेरूच्या वकिलातीकडून ताजे विचारून घ्या. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही, तेव्हा वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा. प्रवास विमा काढताना त्यात 4,500 मीटरपर्यंतचा ट्रेक येतो का हे पॉलिसीत वाचा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

आता उंची. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. कुस्को शहरच 3,400 मीटरवर आहे, आणि ट्रेकमधली सगळ्यात उंच खिंड 4,215. म्हणजे सह्याद्रीत कितीही गड केले असले तरी विरळ हवेचा सराव आपल्याला नसतो. तंदुरुस्त तरुणालाही डोकेदुखी आणि मळमळ गाठते, तिथे वय आणि व्यायाम फारसा विचारत नाही. माझा सल्ला असा: कुस्कोच्या विमानतळावर उतरलात की तिथे न थांबता गाडीने सरळ खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, ओयांतायतांबोला जा. ते 2,800 मीटरच्या आसपास आहे, झोप चांगली लागते. दोन रात्री तिथे काढून मग कुस्कोला या, आणि ट्रेकआधी तिथे किमान दोन दिवस राहा. ओयांतायतांबोचे इंकांनी आखलेले रस्ते आणि त्यांच्या कडेने वाहणारे दगडी पाट आजही वापरात आहेत. माझा तर तिथून पाय निघत नव्हता. सुरुवातीला जेवण हलकं ठेवा, पाणी भरपूर प्या, दारू नको. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे इथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो आणि कायदेशीर आहे, पण पानं किंवा टी-बॅगा भारतात आणू नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे.

सराव पायऱ्यांचा करा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त. सपाटीवर रोज दहा हजार पावलं चालून इथे फार उपयोग नाही. सिंहगडावर पाठीला सहा-सात किलो लावून सावकाश चढा आणि मुद्दाम पायवाटेने खाली या. राजगड-तोरणा हा लांब टप्प्याच्या चालीला उत्तम. इमारतीत राहत असाल तर जिना आहेच. दम लागून बोलणं तुटणार नाही, इतक्याच वेगाने चढायची सवय लावा. खिंडीत तोच वेग कामाला येतो.

सामान थोडकं असावं. पोर्टरकडे द्यायच्या पिशवीला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा असते आणि त्यात झोपायची पिशवी आणि मॅट धरतात. रात्री तापमान शून्याच्या जवळ जातं, दुपारी ऊन भाजतं, म्हणून एक जाड स्वेटर नेण्याऐवजी पातळ कपडे एकावर एक घाला. मोठा पोंचो घ्या, सॅकसकट अंगावरून येईल असा. काठ्यांना रबरी टोपणं हवीतच, उघड्या लोखंडी टोकांनी दगड झिजतो म्हणून त्यांना मनाई आहे. कपाळाला लावायचा टॉर्च, पाण्याची पुन्हा भरता येणारी बाटली, टॉयलेट पेपर आणि सोल्सच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्या नोटा एवढं विसरू नका. संडास बहुतेक भारतीय पद्धतीचे आहेत. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि 'मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, सूपमध्ये हाडांचा रस्सा नाही' असं फोड करून लिहा. नुसतं शाकाहारी म्हटलं की सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं येऊ शकतं. किन्वा, बटाटे, मका, भाज्या यांवर तिथले स्वयंपाकी उत्तम जेवण करतात. मी मेतकूट आणि लसणाची चटणी नेली होती, तीही तंबूत सगळ्यांनी खाल्ली.

वाटेबद्दल. सुरुवात रेल्वेमार्गाच्या 82 व्या किलोमीटरला, पिस्काकुचोला, 2,700 मीटरच्या आसपास होते. पहिला दिवस सोपा. दुपारी वाटेवरून खाली पाताय्याक्ता गावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं दृश्य दिसतं, तिथे थांबा. दुसरा दिवस वार्मिवान्युस्काचा, म्हणजे त्या सगळ्यात उंच खिंडीचा. आदल्या रात्रीचा मुक्काम साधारण 3,000 मीटरवर असतो, म्हणजे एका दिवसात बाराशे मीटर चढ, आणि लगेच पलीकडे पाकायमायोपर्यंत सहाशे मीटर उतार. सगळ्यांच्या पुढे जाण्यात काही मिळत नाही. पावलाला एक श्वास असा हिशेब ठेवा. डोकं ठणकत असेल, पाऊल अडखळत असेल, उलट्या होत असतील तर गाइडला लगेच सांगा, लाजू नका. खिंडीच्या अलीकडे परत फिरणं सोपं असतं, पलीकडे गेल्यावर फार अवघड. आणि मागून पोर्टर आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहा. दरीच्या कडेला कधीच नाही.

तिसरा दिवस माझ्या मते सगळ्या ट्रेकचा जीव आहे. पुष्कळ लोक तो दुसऱ्या दिवसाच्या थकव्यात नुसता उरकतात. सकाळी रुंकुराकाय हा गोलाकार अवशेष, मग दुसरी खिंड, मग अरुंद जिन्याने चढून सायाकमार्काचे अवशेष. तिथून पुढे वाट ढगांच्या जंगलातून जवळजवळ सपाट जाते आणि ती बरीचशी मूळची आहे. एका दलदलीच्या जागी इंकांनी दगडी भराव घालून वाट उचलून घेतली आहे. पुढे एक बोगदा लागतो. खडकातली नैसर्गिक फट रुंद करून, आत त्याच खडकात पायऱ्या कोरल्या आहेत. टॉर्च लावून पायरीच्या कडेवर हात फिरवा. मधला भाग पावलांनी गुळगुळीत झाला आहे, पण भिंतीलगत, जिथे पाऊल पडत नाही, तिथे दगड खरबरीत लागतो.

मग फुयुपातामार्काला एकाखाली एक दगडी कुंडं आहेत. तिथून विन्याय वायना या इंकांच्या जुन्या वस्तीपर्यंत सुमारे हजार मीटरचा उतार, बराचसा पायऱ्यांचा, काही उंच, काही पाऊलही न मावणाऱ्या. तिथे आडवं पाऊल टाका, काठी आधी खाली टेका. तरी घाई न करता उजेड असेपर्यंत विन्याय वायनाला पोहोचाल असं गाइडशी सकाळीच ठरवून घ्या, कारण तंबूपासून जवळच असलेलं हे ठिकाण बघायला तासभर तरी हवा. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांना जोडणारा लांब जिना आहे आणि जिन्यालगत कुंडांची रांग. वरच्या कुंडातलं पाणी खालच्यात, त्यातलं त्याच्या खालच्यात.

पोर्टर मंडळी चौथ्या पहाटेच ट्रेन धरायला निघून जातात, म्हणून बक्षिशी तिसऱ्या संध्याकाळीच द्या. प्रत्येकाच्या हातात, सुट्या नोटांत. 'सुल्पायकी' हा केचुआतला आभाराचा शब्द शिकून ठेवा.

चौथ्या दिवशी साडेतीनला उठवतात. नाका साडेपाचला उघडतो आणि मग इंतीपुंकूपर्यंत, म्हणजे सूर्यद्वारापर्यंत, अंधुक उजेडात लोक पळत सुटतात. पळू नका. धुकं असलं तर सूर्योदय कुणालाच दिसत नाही, आणि वाटेच्या एका बाजूला दरी आहे.

माचू पिचूत गाइडला देवळांबरोबर पाण्याची व्यवस्था दाखवायला सांगा. केनेथ राइट या अमेरिकन अभियंत्याने तिचा बारकाईने अभ्यास केला. 749 मीटरचा कालवा झऱ्याचं पाणी आणतो आणि ते 16 कुंडांतून उतरतं. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो. तरी भिंती उभ्या आहेत, कारण शेतांच्या पायऱ्यांत माती, खाली वाळू-खडी, त्याखाली मोठे दगड असे थर आहेत. राइटच्या मते इथलं निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे, पाये आणि निचरा यांचं. भिंतींत पाणी बाहेर काढायची 129 भोकं त्याने मोजली. खालच्या पातळीवर चालताना भिंतींच्या पायथ्याशी बघत चला, मूठ जाईल एवढी ती भोकं सापडतात.

परवाना मिळालाच नाही तर 104 व्या किलोमीटरपासूनची दोन दिवसांची वाट बघा, ती विन्याय वायनावरूनच जाते, मात्र तिलाही परवाना लागतो. चार-पाच दिवस चालायचंच असेल आणि ऊन, चढ झेपत असतील तर चोकेकिराओ या इंकांच्या दुसऱ्या जुन्या नगराला जा. आपुरिमाक नदीच्या दरीत खोल उतरून पुन्हा तेवढंच चढायचं आहे. तिथे गर्दी फारच कमी असते.

परतीची ट्रेन दुपारी उशिराची घ्या. खालच्या आग्वास कालियेंतेस गावाला उतरणाऱ्या बसची रांग तासभराची असू शकते, आणि तिच्या भीतीने भिंती अर्ध्यावर सोडून यावं लागू नये.