अ‍ॅझटेक देव शिकायचेत? आधी खातेवाटप थांबवा

मी सुरुवात तक्त्यानं केली होती. स्पॅनिशची परीक्षा नुकतीच झाली होती, हाताशी रिकामा महिना होता आणि मेक्सिकोच्या देवांचं वेड लागलं होतं. वहीत चार रकाने आखले: नाव, खातं, हातातली वस्तू आणि ‘आपल्याकडचा कोण’. त्लालोक, पाऊस, इंद्र. वित्सिलोपोच्त्ली, युद्ध, कार्तिकेय. अशी साठेक नावं भरली. दोन महिन्यांनी वही उघडली तेव्हा दहासुद्धा धड आठवेनात.

मंत्रिमंडळाचं खातेवाटप असतं तसं देवांचं करायचं, ही चूक माझ्या आधी बऱ्याच थोरांनी केलेली आहे. बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन पाद्री १५२९ मध्ये मेक्सिकोत आला, अ‍ॅझटेकांची नावात्ल भाषा शिकला आणि तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून बारा भागांचा ग्रंथ तयार केला. त्याची चित्रांची प्रत आज फ्लोरेन्समध्ये आहे म्हणून तिला ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’ म्हणतात. पहिल्याच भागात हा भला माणूस लिहितो, वित्सिलोपोच्त्ली म्हणजे दुसरा हर्क्युलिस, त्लासोल्तेओत्ल म्हणजे दुसरी व्हीनस. माझा चौथा रकानाच की हा!

या त्लासोल्तेओत्लपाशी माझा तक्ता पहिल्यांदा फाटला. तिच्या नावात कचरा आहे, घाण आहे. ती वासना चेतवते, आणि म्हातारपणी माणूस तिच्या पुजाऱ्यापुढे आयुष्यभराची पापं बोलून मोकळा होतो तेव्हा ती पापं खातेही तीच. तिचं दुसरं नावच ‘घाण खाणारी’ असं आहे. व्हीनस म्हटलं की यातलं काहीच हाती लागत नाही. आपण ‘अपराध पोटात घे’ म्हणतो तेव्हा पोट हा नुसता वाक्प्रचार असतो. इथे ते खरंच पोट आहे.

मग शिकायचं कसं? माझं उत्तर: एक दगड घ्या आणि त्याची एक कथा घ्या. मी घेतला तो कोयोल्शाउकी या देवीचा. २१ फेब्रुवारी १९७८ ला मेक्सिको सिटीच्या मध्यवस्तीत वीज कंपनीचे कामगार खोदत होते, तेव्हा तो लागला. गोल शिळा, व्यास सव्वातीन मीटरच्या आसपास. त्यामुळे तेनोचतित्लानच्या, म्हणजे अ‍ॅझटेकांच्या राजधानीच्या, मुख्य मंदिराचं मोठं उत्खनन सुरू झालं. आता ती तिथल्याच संग्रहालयात आहे. आधी वरच्या मजल्यावरून पाहा, कारण जवळून नुसते अवयव दिसतात. धडापासून तुटलेलं डोकं, दंड, मांड्या. कमरेला दुतोंडी साप आणि त्यात अडकवलेली कवटी. सांध्यासांध्यावर सुळेवाले चेहरे. आणि गालावर घुंगरू. ‘कोयोल्ली’ म्हणजे घुंगरू, नाव तिथूनच आलं.

कथा कोडेक्सच्या तिसऱ्या भागात आहे. कोआतेपेक, म्हणजे सापांचा डोंगर. तिथे कोआत्लिक्वे ही देवी झाडत असते. वरून पिसांचा एक गोळा पडतो, ती तो कमरेला खोचते आणि गरोदर राहते. मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे खवळतात, आईला मारायला निघतात. पोटातलं बाळ आईला धीर देतं. एक भाऊ फितूर होऊन खबर देत राहतो: आता ते इथवर आले, आता तिथवर. ते माथ्यावर पोचतात तोच वित्सिलोपोच्त्ली शस्त्रांसकट जन्मतो, बहिणीचं डोकं उडवतो आणि तिचं धड डोंगरावरून तुकडे होत खाली येतं.

आता दगड कुठे सापडला ते बघा. मंदिराच्या माथ्यावर दोन देवळं होती, एक त्लालोकचं, एक वित्सिलोपोच्त्लीचं. शिळा होती वित्सिलोपोच्त्लीच्या बाजूच्या जिन्याच्या पायथ्याशी. म्हणजे मंदिर हाच तो डोंगर, आणि बळी दिलेल्याचं शरीर पायऱ्यांवरून घरंगळत येऊन या बाईजवळ थांबायचं. हे लक्षात आलं तेव्हा मी संग्रहालयातल्या बाकावर बसून राहिले.

आणखी एक गंमत. माझ्या तक्त्यात कोयोल्शाउकीचं खातं होतं ‘चंद्र’. कथा तीनदा वाचली, चंद्राचं नाव कुठेही नाही! तो अभ्यासकांनी लावलेला अर्थ आहे. असेल बरोबर, पण मूळ काय आणि अर्थ कुणाचा हे वहीत वेगवेगळ्या शाईनं लिहायची सवय मला तेव्हापासून लागली. ते चारशे भाऊसुद्धा मोजायचे नाहीत. नावात्लमध्ये विसाच्या पटीत मोजतात, वीस गुणिले वीस म्हणजे चारशे, म्हणजेच अगणित. आपण ‘असे छप्पन पाहिलेत’ म्हणतो, तसंच.

उच्चारांना घाबरू नका. मराठी माणसाला ते इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपे जातात. ‘केत्सालकोआत्ल’ या पिसांच्या सापाच्या रूपातल्या देवाच्या नावातला त्स म्हणजे आपल्या ‘चांगला’, ‘चोर’मधला च. स्पॅनिश लिपीतला एक्स इथे श होतो, म्हणून अ‍ॅझटेक लोक स्वतःला म्हणायचे ते ‘मेशिका’. नावाचे तुकडे पाडले की पाठांतर लागत नाही. ‘कोआत्ल’ साप, ‘क्वे’ घागरा, म्हणून कोआत्लिक्वे सापांच्या घागऱ्याची. ‘तोनांत्सिन’ हे देवीचं नाव फोडलं की आमची, आई आणि शेवटी आदराचा, लाडाचा ‘त्सिन’. मी त्याचं भाषांतर ‘माउली’ करते.

तुलनेचा मोह मात्र सांभाळा. आधीचे चार सूर्य संपून पाचवा, आत्ताचा सूर्य जन्मतो त्या कथेत देव चंद्राच्या तोंडावर ससा फेकून मारतात, त्याचा डाग अजून दिसतो. आपल्याला लगेच शशांक आठवतो आणि ‘मेक्सिकोत आर्य गेले होते’ छापाचे मेसेज सुरू होतात. डाग दोन्हीकडून सारखाच दिसतो, एवढंच. तुलना करायचीच तर फरकासाठी करा. आपल्याकडे बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात. मेशिकांकडे तिला रणात पडलेल्या वीराचा मान होता: दुपारपासून मावळतीपर्यंत सूर्याला पोचवायला अशाच बाया जायच्या. आणि ठरावीक दिवशी त्याच चौकात उतरून पोरांना झपाटायच्या, म्हणून त्या दिवशी मुलांना घराबाहेर सोडत नसत. मान आणि भीती एकाच बाईच्या वाट्याला.

प्राण्यांत माझा लाडका आवीत्सोत्ल. कुत्र्याएवढा, पाण्यात राहणारा, शेपटीच्या टोकाला माणसाचा हात. त्या हातानं ओढून बुडवतो; प्रेत वर येतं ते डोळे, नखं आणि दात नसलेलं. असा मेलेला माणूस थेट त्लालोकच्या हिरव्या लोकात जातो.

‘मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसला पाहून मेशिकांना वाटलं केत्सालकोआत्ल परत आला’ ही गोष्ट मीही एका भाषणात ठोकून दिली होती. ती लिहिली गेली ती तेनोचतित्लानच्या १५२१ च्या पाडावानंतर काही दशकांनी. कोर्तेसच्या स्वतःच्या पत्रांत केत्सालकोआत्लचं नाव नाही. श्रोत्यांतल्या एका विद्यार्थिनीनं नंतर हळूच हे दाखवलं. कान लाल झाले.

साधनांची अडचण आता फारशी नाही. कोडेक्सची पानं २०२३ पासून भाषांतरासकट इंटरनेटवर फुकट आहेत; एका रकान्यात नावात्ल, शेजारी स्पॅनिश, आणि दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत हे ध्यानात ठेवा. स्पॅनिशला पर्याय नाही. नावात्ल मेलेली भाषा नाही, २०२० च्या जनगणनेत ती बोलणारे १६ लाखांहून जास्त होते.

पोटापाण्याचं विचाराल तर माझं घर अजून स्पॅनिश करारपत्रांच्या भाषांतरावर चालतं. देवांनी आत्तापर्यंत दोन लेखांचं मानधन दिलंय. नावात्लचा ऑनलाइन वर्ग तिकडे संध्याकाळी सहाला असतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. चहा आदल्या रात्रीच थर्मासात भरून ठेवा, स्वयंपाकघरात भांडी वाजली की घरचे उठतात.